भाग न घालता सिद्ध झालेली ३९ अंकी मूळ संख्या: एदुआर लुकासची गोष्ट

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

एकं, दहं, शतं म्हणत परार्धापर्यंत गेलो तरी अठराच अंक होतात. वरच्या संख्येत ३९ अंक आहेत. ती बनवायची कृती मात्र अगदी सोपी आहे. १२७ वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि आलेल्या उत्तरातून १ वजा करायचा. गणिताच्या भाषेत, २ चा १२७वा घात वजा १.

ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः, यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही. आज हे कुठलाही संगणक डोळ्याचे पाते लवायच्या आत सांगतो. पण हे पहिल्यांदा १८७६ साली सांगितले गेले, तेव्हा संगणक नव्हता. सांगणारा माणूस फ्रान्समधला एक शाळाशिक्षक होता, एदुआर लुकास. फ्रेंच उच्चार ‘ल्युका’च्या जवळचा असला, तरी आपल्याकडे गणिताच्या पुस्तकांत तो लुकास म्हणूनच भेटतो.

त्याने हे कसे केले असेल? एखादी संख्या मूळ आहे का हे तपासायची शाळेतली रीत म्हणजे २, ३, ५, ७ अशा संख्यांनी भाग लावून पाहत जाणे आणि वर्गमूळ आले की थांबणे. या संख्येचे वर्गमूळच वीस अंकी आहे, १३ अब्ज अब्जांहून मोठे. थोडी पळवाट आहे: हिचा विभाजक असलाच तर तो २५४ च्या एखाद्या पटीपेक्षा १ ने मोठाच असावा लागतो, हे आधीपासून माहीत होते. म्हणजे बाकीच्या संख्या सोडून देता येतात. तरीही दर सेकंदाला एक भागाकार या वेगाने न थांबता बसले, तर दीड अब्ज वर्षांहून जास्त काळ लागेल. तेव्हा भाग लावून पाहणे हा मार्गच नव्हता. लुकासने तो वापरलाही नाही. त्याने या संख्येला एकदाही विभाजक शोधला नाही, आणि तरीही तिला विभाजक नाही हे दाखवले. त्याच्या साऱ्या कामात सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

वेधशाळा, तोफखाना, शाळा

लुकासचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ या गावी झाला. शिक्षण पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या नामांकित संस्थेत. पुढे तो पॅरिसच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागला. तिथला संचालक होता ले व्हेरिए, म्हणजे कागदावरच्या आकडेमोडीतून नेपच्यूनची जागा सांगणारा तोच. लांबलचक आकडेमोड हा वेधशाळेतला रोजचा धंदा. या सवयीचा लुकासला पुढे उपयोग झाला असणार.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले. लुकास तोफखान्यात अधिकारी होता. फ्रान्स हरला. युद्धानंतर लुकास वेधशाळेत परतला नाही. मध्य फ्रान्समधल्या मुलँ नावाच्या गावी तो माध्यमिक शाळेत गणित शिकवू लागला आणि काही वर्षांनी पॅरिसमधल्या शाळांत आला. विद्यापीठातले प्राध्यापकपद त्याला कधीच मिळाले नाही. ज्या कामामुळे त्याचे नाव आज घेतले जाते, ते त्याने शाळेच्या वेळापत्रकातून उरलेल्या वेळात केले.

तोफखान्याची आठवण त्याच्या एका कोड्यात दिसते, असे म्हणायला जागा आहे. १८७५ साली त्याने विचारले: चौकोनी तळावर तोफगोळ्यांचा मनोरा रचला, तर एकूण गोळे ही एक पूर्ण वर्गसंख्या कधी होईल? १ चा वर्ग, २ चा वर्ग असे २४ च्या वर्गापर्यंत मिळवत गेले की ४९०० होतात, आणि ४९०० हा ७० चा वर्ग. एकच गोळा असण्याची किरकोळ शक्यता सोडली तर दुसरे उत्तर नाही, असे लुकासचे म्हणणे. म्हणणे खरे होते, पण त्याची सिद्धता अपुरी होती. ती पूर्ण व्हायला १९१८ साल उजाडले. हा त्याचा स्वभावच होता. उत्तर आधी दिसायचे, सिद्धता मागून यायची, कधीकधी दुसऱ्याच कुणाकडून.

मर्सेनची यादी

आपल्या ३९ अंकी संख्येची गोष्ट लुकासच्याही दोनशे वर्षे आधी सुरू होते. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली एक यादी छापली. २ चा कुठलातरी घात घेऊन १ वजा केला, तर मूळ संख्या केव्हा मिळते? घातांक स्वतः मूळ नसेल तर कधीच मिळत नाही. मूळ असेल तर कधी मिळते, कधी नाही. ३ घेतला तर ७ मिळतात, ५ घेतला तर ३१, ७ घेतला तर १२७. या तिन्ही मूळ संख्या आहेत. पण ११ घेतला की २०४७ येतात, आणि ते २३ गुणिले ८९ आहेत.

मर्सेनने २५७ पर्यंतचे घातांक घेऊन सांगितले की २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच चालतात. एवढ्या मोठ्या संख्या तपासायचे साधन त्याच्याजवळ नव्हते, हे त्याच्या समकालीनांनाही दिसत होते. १७७२ साली ऑयलरने ३१ पर्यंतची खात्री करून दिली. ती संख्या दहा अंकी आहे, २१४७४८३६४७. पुढचे शतकभर यादी तिथेच अडून राहिली. १८६७ मध्ये लँड्री या फ्रेंच गणितज्ञाने १३ अंकी मूळ संख्या शोधून विक्रम केला, पण तीही भाग लावून पाहण्याच्या जुन्याच रीतीने. ती रीत तिथे दमली होती.

अशा संख्यांमागे लोक का लागले होते? एक कारण फार जुने आहे. ६ चे विभाजक १, २, ३ यांची बेरीज ६ च होते. २८ चेही तसेच. अशांना परिपूर्ण संख्या म्हणतात. मर्सेनच्या प्रकारची प्रत्येक मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या देते, हे युक्लिडपासून ठाऊक आहे. पण खरे सांगायचे तर दुसरे कारण निव्वळ हट्टाचे होते. यादी समोर होती, आणि ती खरी की खोटी हे कुणालाच सांगता येत नव्हते.

प्रश्न उलटा केला

लुकासचे लक्ष दुसऱ्याच ठिकाणी होते. १, १, २, ३, ५, ८, १३ ही मालिका घ्या. यातली प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज आहे. या मालिकेला फिबोनाचीचे नाव लुकासनेच रूढ केले. (आपल्याकडे मात्रावृत्ते किती प्रकारे रचता येतात याचा हिशेब करताना विरहांक आणि हेमचंद्र यांना ती फिबोनाचीच्या आधीच सापडली होती. लुकासला हे माहीत असण्याचे कारण नाही.) याच नियमाने चालणारी दुसरी मालिका १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ अशी जाते. तिला आज लुकास संख्या म्हणतात.

या मालिकांमध्ये कोणती संख्या कुठल्या जागी पूर्ण भागली जाते, याचे पक्के नियम आहेत, आणि ते नियम भाजक मूळ आहे की नाही यावर अवलंबून असतात. लुकासने हे हेरले आणि प्रश्न उलटा केला. संख्येला विभाजक आहे का, हे तिच्या आत शिरून शोधण्याऐवजी ती संख्याच भाजक म्हणून मालिकेपुढे ठेवायची आणि ती कशी वागते ते पाहायचे.

त्याची कसोटी कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही करून पाहता येते. ३ पासून सुरुवात करा. दर वेळी वर्ग करा आणि २ वजा करा. ३, मग ७, मग ४७, मग २२०७. (या सगळ्या लुकास संख्याच आहेत.) फक्त एक काळजी घ्यायची: दर पायरीला तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची, म्हणजे आकडे फुगत नाहीत. घातांक ७ असेल तर सहावे पद पाहायचे, १२७ असेल तर १२६वे. तिथे शून्य आले तर संख्या मूळ, नाही आले तर नाही. ३ ने सुरू होणारी ही रीत ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या घातांकांना लागू पडते. ७, ११, ६७ आणि १२७ हे सगळे त्यात बसतात.

१२७ ही छोटी संख्या तपासून पाहू. तिचा घातांक ७, म्हणून सहावे पद हवे. ३, ७, ४७ ही पहिली तीन पदे. ४७ चा वर्ग २२०९. इथे एक गंमत आहे. १२८ ला १२७ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून २२०९ मध्ये १२८ चे जितके गट असतील तितके १ मोजायचे. गट १७ आणि वर उरले ३३, बेरीज ५०, त्यातून २ गेले, ४८. चौथे पद ४८. त्याचा वर्ग २३०४, म्हणजे १२८ चे बरोबर १८ गट. १८ वजा २, पाचवे पद १६. त्याचा वर्ग २५६, म्हणजे दोन गट. २ वजा २, शून्य. सहाव्या पदाला शून्य आले, म्हणून १२७ मूळ.

आता २०४७ घ्या. घातांक ११, म्हणून दहावे पद. ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, पुन्हा १६०, पुन्हा १०३४. दहाव्या जागी शून्य नाही, तेव्हा २०४७ मूळ नाही. पण लक्षात घ्या, २३ आणि ८९ यांचा या साऱ्या आकडेमोडीत कुठे पत्ताही नाही. कसोटी एवढेच सांगते की संख्या फुटते. कशी फुटते ते सांगत नाही.

सोळा हजार घरांचा पट

३९ अंकी संख्येसाठी हेच करायचे तर १२५ वेळा वर्ग करावे लागतात, आणि तेही ३८-३९ अंकी संख्यांचे. दीड अब्ज वर्षांच्या तुलनेत हे काम माणसाच्या आवाक्यातले आहे, पण सोपे नाही. लुकासने ते द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून करायची युक्ती मांडली. द्विमान पद्धतीत आपली संख्या म्हणजे ओळीने १२७ वेळा १, दुसरे काही नाही. म्हणून तिने भागायला भागाकार करावाच लागत नाही. वर १२८ चे गट मोजले तसेच इथे होते: ओळ १२७ घरांवर कापायची, डावीकडे उरलेला तुकडा उजवीकडे सरकवून खाली मांडायचा आणि बेरीज करायची.

याचा त्याने चक्क खेळ करून दाखवला. बुद्धिबळासारखा पट, पण दर बाजूला १२७ घरे, एकूण १६१२९. १ असेल तिथे प्यादे, ० असेल तिथे रिकामे घर. वर्ग करायचा म्हणजे संख्येची ओळ एकेक घर सरकवत पुन्हा मांडत जायची. डाव्या कडेबाहेर गेलेले प्यादे उजव्या कडेने आत येते. मग उभ्या रांगेत दोन प्यादी दिसली की ती उचलून शेजारच्या डाव्या रांगेत एक ठेवायचे. शेवटी एकच ओळ उरते. त्यातून २ वजा केले की पुढचे पद तयार. असे १२५ वेळा. या कामासाठी यंत्र बनवता येईल, हेही त्याला दिसत होते.

१८७६ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात लुकासने निष्कर्ष जाहीर केला. २ चा १२७वा घात वजा १ ही मूळ संख्या आहे. तेरा अंकांवरचा विक्रम एका उडीत ३९ अंकांवर गेला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता.

इतक्या लांब आकडेमोडीत कुठेतरी चूक झाली नसेल कशावरून? एकदा शून्य आले की शंकेला फार जागा उरत नाही. वाटेत एक प्यादे जरी चुकीच्या घरात पडले, तरी पुढचे सगळे आकडे भरकटतात, आणि भरकटलेल्या हिशेबाने शेवटी नेमके शून्यावर येणे जवळजवळ अशक्य. उलट शून्य न येणे मात्र संशयास्पद असते, कारण ते चुकीमुळेही येत नसेल. लुकासने मर्सेनच्या यादीतल्या ६७ बद्दल नेमके असेच सांगितले होते: ही संख्या मूळ नाही. विभाजक त्याच्याकडे नव्हते. ते १९०३ साली अमेरिकेत फ्रँक नेल्सन कोलने दिले, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. लुकास बरोबर होता, मर्सेन चुकला होता. पुढे २५७ चाही निकाल मर्सेनच्या विरोधात गेला, आणि ६१, ८९, १०७ हे घातांक त्याने वगळले होते तेही मूळ संख्या देणारे निघाले. १२७ मात्र त्याचा बरोबर आला होता. निव्वळ नशीब म्हणायचे की आणखी काही, यावर तर्क चालूच असतात.

सिद्धतेच्या बाजूने मात्र लुकासची कसोटी कच्ची होती. १८७८ साली त्याने ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’च्या पहिल्याच खंडात आपला सिद्धांत सविस्तर मांडला, पण त्यात फटी राहिल्या. अमेरिकेतल्या डी. एच. लेहमरने १९३० मध्ये त्या बुजवल्या आणि ३ ऐवजी ४ पासून सुरू होणारी, सगळ्या विषम मूळ घातांकांना चालणारी रीत दिली. म्हणून आज तिला लुकास-लेहमर कसोटी म्हणतात.

काशीचे देऊळ

लुकासचे नाव न ऐकलेल्यांनीही त्याचे एक खेळणे पाहिलेले असते. तीन खुंट्या, एकावर मोठ्यापासून छोट्यापर्यंत रचलेल्या चकत्या. एका वेळी एक चकती हलवायची, छोटीवर मोठी ठेवायची नाही आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. ‘हनोईचा मनोरा’ १८८३ मध्ये बाजारात आला. खोक्यावर निर्मात्याचे नाव होते सयामचा कुणी प्राध्यापक एन. क्लाउस, कॉलेजचे नाव ली-सू-स्तियाँ. पहिल्यातली अक्षरे उलटसुलट केली की आमियाँचा लुकास निघतो आणि दुसऱ्यातून तो शिकवत होता ती सेंट लुई शाळा.

सोबतच्या कागदावर आख्यायिका होती: काशीच्या एका देवळात ब्राह्मण सोन्याच्या ६४ चकत्यांचा ब्रह्मदेवाचा मनोरा पिढ्यान्‌पिढ्या हलवत आहेत. काशीत असे काही नव्हते. पौर्वात्य गूढतेची भुरळ पडलेल्या गिऱ्हाइकासाठी रचलेली ती गोष्ट होती. ती इतकी खपली की आजही काही जण ती प्राचीन भारतीय कथा म्हणून सांगतात. ६४ चकत्यांना किमान किती हालचाली लागतात? २ चा ६४वा घात वजा १. म्हणजे मर्सेनच्या संख्यांचाच साचा. सेकंदाला एक हालचाल धरली तर सुमारे ५८५ अब्ज वर्षे.

१८८२ पासून त्याने गणिती करमणुकीवरची पुस्तके काढायला सुरुवात केली. चार खंडांपैकी शेवटचे दोन तो गेल्यावर छापले गेले. वर्गात मागच्या बाकावर टिंबे जोडून चौकोन करायचा खेळ बहुतेकांनी खेळलेला असतो. तोही पहिल्यांदा छापील रूपात आला तो लुकासमुळे.

मृत्यू मात्र विचित्र आला. १८९१ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या विज्ञानप्रसारक संघाचे अधिवेशन मार्सेयला भरले होते. मेजवानीत एका वाढप्याच्या हातून काचसामान पडले आणि फुटलेल्या बशीचा तुकडा उडून लुकासच्या गालाला लागला. जखम चिघळली. प्रतिजैविके यायला अजून अर्धे शतक होते. ३ ऑक्टोबर १८९१ रोजी तो पॅरिसमध्ये वारला. वय ४९. त्याच्या ‘संख्यांचा सिद्धांत’ या ग्रंथाचा पहिला खंड त्याच वर्षी निघाला होता. दुसरा निघालाच नाही.

त्यानंतर

३९ अंकी संख्येचा विक्रम १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे टिकला. त्या वर्षी फेरिये या फ्रेंच गणितज्ञाने टेबलावरच्या गणनयंत्राच्या मदतीने ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली, आणि केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी. ही ७९ अंकी संख्या लुकासच्या संख्येचा वर्ग करून, १८० ने गुणून, १ मिळवून बनवलेली होती. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९५२ रोजी, स्वॅक संगणकाने लुकास-लेहमर कसोटी चालवून एका दिवसात दोन नवे घातांक दिले, ५२१ आणि ६०७. निव्वळ हाताने सिद्ध केलेल्या मूळ संख्यांत मात्र लुकासची संख्या सर्वांत मोठी राहिली. तो विक्रम मोडायला आता कुणी बसणार नाही.

२०२४ साली सापडलेली मूळ संख्या २ चा १३६२७९८४१वा घात वजा १ आहे. तिचे अंक ४ कोटी १० लाखांहून जास्त. तिच्यावर शेवटची मोहोर उमटली ती याच कसोटीने: वर्ग करा, २ वजा करा, बाकी ठेवा.

आणि एक प्रश्न १८७६ पासून तसाच पडून आहे. २ घातांक ठेवला की ३ मिळतात, ३ ठेवला की ७, ७ ठेवला की १२७, आणि १२७ ठेवला की लुकासची संख्या. चारही वेळा मूळ. बेल्जियममधल्या कातालान या गणितज्ञाच्या हे त्याच वर्षी लक्षात आले. मग पाचव्यांदा काय? लुकासची ३९ अंकी संख्या घातांक म्हणून ठेवली, तर जी संख्या तयार होते तिचे अंक मोजायलाच ३८ अंकी आकडा लागतो. तिला छोटे विभाजक सापडलेले नाहीत. लुकासची कसोटी तिला तत्त्वतः लागू पडते, पण वर्ग किती वेळा करायचे? जवळपास तितकेच, जितकी या लेखाच्या पहिल्या ओळीतली संख्या.